ऋचाचे अठ्ठ्याहत्तर

प्रताप रत्नपारखीला आपल्या बावीस महिन्यांच्या मुलीला जर्मनीच्या सर्वांत उंच टोकावर एक रात्र झोपवायचं होतं. मोहिमेचा उद्देश एवढाच! तिथे झोपलेली सर्वांत लहान मराठी व्यक्ती म्हणून ऋचाचं नाव व्हावं आणि ते नाव तिच्या बापाच्या फोटोखाली छापून यावं, ही त्यातली खरी तळमळ. ऋचाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. केळं आणि जर्मन पाळणाघरातला लाल ट्रॅक्टर, जगात तिला याच दोन गोष्टींची किंमत होती.

धम्मदीपा गजभियेला हा सगळा प्रकार पहिल्यापासून हास्यास्पद वाटत होता. हायडेलबर्गच्या एका संस्थेत ती उंचीवर राहणाऱ्या लहान मुलांच्या रक्तातल्या ऑक्सिजनवर संशोधन करायची. लडाखच्या चांगथांग पठारावर तिने दोन हिवाळे मेंढपाळांच्या तंबूंत काढले होते. साडेचार हजार मीटरवर जन्मलेल्या पोरांच्या पायाच्या अंगठ्याला चिमटा लावायचा आणि यंत्रावरचा आकडा टिपायचा, हे तिचं काम. हायडेलबर्गच्या पोरांत तो आकडा सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्के असतो, आणि तिथल्या पोरांत सत्त्याऐंशी. तरी ती पोरं मेंढरांमागे उधळत असायची.

अशा बाईला रोपवेने वर जाऊन त्याला ‘मोहीम’ म्हणणाऱ्या माणसाबद्दल काय वाटणार? पण तिच्या कामात एक भोक होतं. सखल भागात वाढलेल्या लहान मुलाची तीन हजार मीटरवरची एका अख्ख्या रात्रीची नोंद तिला मिळत नव्हती. शहाणे आईबाप मूल देत नव्हते. प्रताप द्यायला तयार होता, किंबहुना हट्टाने देत होता. “सायंटिफिक एक्स्पिडिशन, डॉक्टर! गेनाऊ, अगदी तेच!” असं तो फोनवर म्हणाला तेव्हा तिने फोन कानापासून लांब धरून तोंड वाकडं केलं, आणि होकार दिला.

२०१६ सालच्या सप्टेंबरात ते निघाले. प्रताप, त्याची बायको मीनल, ऋचा, धम्मदीपा आणि विपुल डुंबरे. विपुल प्रतापच्या ऑफिसातला ज्युनियर, जुन्नरचा. कॉलेजात असल्यापासून सह्याद्रीतले कडे दोर लावून चढलेला. पण प्रतापच्या लेखी तो हमाल! “विपुल, ही बॅग घे. विपुल, तीपण घे.” विपुल घेत होता. प्रतापच्या मनगटावर उंची, वाऱ्याचा वेग आणि हृदयाचे ठोके दाखवणारं घड्याळ होतं. बुटांना खिळे होते, डोळ्यांवर हिमनदीवर घालायचा गॉगल होता. दात्यांच्या रुळावरून डोंगर चढणाऱ्या रेल्वेच्या डब्यात, उबदार सीटवर बसून तो हे सगळं अंगावर वागवत होता. समोरची एक म्हातारी जर्मन बाई साध्या कार्डिगनमध्ये विणकाम करत होती. ती त्याच डब्यातून त्याच डोंगरावर चालली होती!

रेल्वे पठारावर, दोन हजार सहाशे मीटरवर थांबली. तिथून छोट्या रोपवेने चार मिनिटांत ते त्सुगश्पित्सच्या माथ्यावर पोहोचले. उंची दोन हजार नऊशे बासष्ट मीटर. चारी बाजूंनी करड्या चुनखडीच्या कडांचा समुद्र पसरला होता. दक्षिणेला ऑस्ट्रियाची बर्फाळ शिखरं उन्हात पेटलेली, आणि खोल खाली दरीतलं तळं बांगडीच्या काचेच्या तुकड्यासारखं हिरवं चकाकत होतं. क्षणभर धम्मदीपाही सगळं विसरली. तेवढ्यात प्रताप ओरडला, “विपुल, फोटो! घड्याळ दिसलं पाहिजे!”

माथ्याला लागूनच गिर्यारोहकांची झोपायची जागा होती. तिची मालकीण उर्सुला, साठीची, रुंद खांद्यांची बाई. तिने ऋचाकडे पाहिलं, तिच्या वाहत्या नाकाकडे पाहिलं आणि जर्मनमध्ये म्हणाली, “हिला सर्दी आहे. शेवटच्या रोपवेने खाली घेऊन जा.”

“साधी सर्दी आहे,” प्रताप हसला. “पाळणाघरातली सगळीच पोरं शेंबडी असतात.”

मीनलने धम्मदीपाकडे पाहिलं. “तू सांग. राहू का?”

सर्दी झालेलं मूल अभ्यासात घ्यायचं नाही, हा नियम धम्मदीपाने स्वतःच लिहिला होता. तिने अंगठ्याला चिमटा लावला. नव्वद.

“नव्वद म्हणजे डिस्टिंक्शन!” प्रतापने टाळी वाजवली.

या उंचीवर नव्वद ठीक होतं. तिने तेवढंच सांगितलं आणि नियमाबद्दल गप्प बसली. झोपायच्या खोलीत आणखी नऊ माणसं होती. आकडा घसरला की यंत्र किंचाळायचं, म्हणून तिने आवाज बंद केला. दर तासाला उठून बघू, असं मनाशी ठरवलं. दोनदा उठली. त्यानंतर तिला जाग आली ती थेट सकाळी सहाला, मीनलच्या हाकेने.

“दीपा, ही बघ ना कशी करतेय.”

ऋचा मीनलच्या मांडीवर बसली होती. रडत नव्हती. तेच वाईट होतं! प्रत्येक श्वासाला तिच्या बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. ओठ जांभळट पडले होते. मिनिटाला साठ श्वास. धम्मदीपाने पाठीला कान लावला. आत ओला, चुरचुरणारा आवाज होता. फुप्फुसांत पाणी भरायला लागलं होतं. यंत्राचा पडदा दाखवत होता, अठ्ठ्याहत्तर. नोंद मागे सरकवली, तर आकडा साडेतीनपासूनच ऐंशीच्या खाली!

“खाली जायचं,” ती म्हणाली. “आत्ता. या मिनिटाला.”

खिडकीबाहेर काहीच नव्हतं. माथा नव्हता, ऑस्ट्रिया नव्हता. पांढरं धुकं आणि त्यातून तिरका येणारा बारीक बर्फ. रात्रभर वादळ झालं होतं. वारा आता पडला होता, पण रोपवेच्या तारांवर हाताएवढा बर्फ धरला होता. संध्याकाळपर्यंत रोपवे सुटणार नव्हता. या धुक्यात हेलिकॉप्टर उडणार नव्हतं.

प्रतापने चहाचा घोट घेतला. “आल्झो, हे बघा, पॅनिक नको. संध्याकाळी जाऊ. डॉक्टर, तुम्हीच महाराष्ट्र मंडळात भाषण दिलंत ना? लडाखची पोरं सत्त्याऐंशीवर मेंढरांमागे पळतात म्हणून? टाळ्या पडल्या होत्या. हिचे आठनऊ पॉइंट कमी, एवढंच ना?”

धम्मदीपाला त्याच्या तोंडावर तो चहा फेकावासा वाटला. त्याहून जास्त तिला आपल्या त्या वाक्याची किळस आली. टाळ्या पडाव्यात म्हणूनच तिने ते घोळून घोळून म्हटलं होतं.

“ती पोरं तिथेच जन्मली, प्रताप. त्यांच्या आया तिथल्या, आज्या तिथल्या. हिला इथे येऊन अठरा तास झालेत, वर छातीत संसर्ग. तो आकडा मार्कशीट नाही. पोरीकडे बघा! यंत्राकडे नका बघू, तिच्याकडे बघा!”

“पण तुम्ही रात्री मॉनिटर करत होता ना?” त्याने विचारलं.

“मी आवाज बंद केला होता. आणि मी झोपले.”

मीनलने मान वर केली. ती नजर धम्मदीपाला कानाखाली बसल्यासारखी लागली.

उर्सुलाने तोवर डोंगरी बचाव पथकाला फोन लावला होता. फोन ठेवून ती थेट मीनलशी बोलली. पथकाची दोन माणसं पहिल्या रेल्वेने पठारावर येऊन वर चढायला लागतील. त्यांना वर पोहोचायला तीन तास. पण तुम्ही निघालात तर वाटेत भेट होईल, आणि उतरलेला प्रत्येक मीटर हेच औषध. साडेतीनशे मीटरचा उतार, निम्म्या वाटेवर कड्याला लोखंडी तार ठोकलेली. तारेवर बर्फ आहे. “तुमच्यात दोर सांभाळता येणारं कोणी आहे का?”

प्रतापने खांदे सरळ केले. “आय ॲम द लीडर...”

“मला येतो,” विपुल मागून म्हणाला. त्याने बॅगा केव्हाच खाली ठेवल्या होत्या.

उर्सुलाने त्याचे हात पाहिले, प्रतापचे बूट पाहिले आणि दोर विपुलला दिला. वर अडकलेली चाळीस माणसं तिच्यावर होती, ती येऊ शकत नव्हती. तिने कमरेचे चार पट्टे दिले आणि प्रथमोपचाराच्या पेटीतली ऑक्सिजनची छोटी बाटली. बाटली अर्धीच भरलेली होती. प्रतापने आपली महागडी, पाठीवर मूल बसवायची पिशवी पुढे केली. “ठेव ती तिथेच,” मीनल म्हणाली. तिने ऋचाला छातीशी धरून आपल्या लांब ओढणीने घट्ट बांधलं, वरून जाकीट घातलं आणि बाटली पाठीवर घेतली. नळी तिच्या खांद्यावरून ऋचाच्या नाकाशी आली. आकडा शहाऐंशीवर चढला.

निघाले! पुढे प्रताप, कारण मागे राहणं त्याला मानवतच नव्हतं. मग धम्मदीपा, तिच्यामागे मीनल, आणि सर्वांत शेवटी, वरून दोर सोडत, विपुल.

पहिली शंभर पावलं सोपी गेली. मग धार आली. डाव्या हाताला कडा, उजव्या हाताला धुक्याने भरलेली पोकळी. ती किती खोल आहे ते दिसत नव्हतं, आणि न दिसणंच बरं होतं. तारेवरचा बर्फ हातमोज्यांना चिकटत होता. पट्ट्याची कडी तारेत अडकवायची, चार पावलं सरकायचं, खिळ्यापाशी कडी काढून पलीकडे लावायची. खट्. चार पावलं. खट्. मागून ऋचाचा श्वास ऐकू येत होता, कुणीतरी कागद चुरगाळावा तसा.

आणि प्रताप थांबला!

धार जिथे वळत होती तिथे खाली दगडाच्या सात उभ्या पायऱ्या होत्या, प्रत्येक गुडघ्याहून थोडी जास्त खोल. प्रतापने तारेला मिठी मारली होती. डोळे मिटलेले. त्याचं घड्याळ बीप बीप करून त्याच्या हृदयाचे ठोके त्यालाच सांगत होतं.

“प्रताप, पाय टाका.”

“होत नाहीये.”

“काय होत नाहीये? तुमची मुलगी मागे गुदमरतेय! इतके फोटो काढलेत ना? आता चाला की! हे खिळ्यांचे बूट काय ऑफिसात घालायला घेतलेत?”

त्याने तार आणखी घट्ट धरली. तो रडायला लागला, मोठ्याने, नाक ओढत. त्याला ओलांडून जायला वीतभर जागा नव्हती. मागे मीनल एका खिळ्यावर उभी होती.

“ताई!” वरून विपुलचा आवाज आला. “वहिनींचा दोर माझ्या हातात आहे, मला येता येत नाही. सरांना तुम्हीच काढा. रागवू नका. माणूस गोठला ना, की रागाने आणखी गोठतो. फक्त पुढचा पाय सांगा. एकच.”

धम्मदीपाच्या तोंडात आणखी दहा वाक्यं तयार होती, सगळी धारदार, सगळी खरी. तिने ती गिळली. चांगथांगमध्ये बर्फाचं वितळलेलं पाणी गिळताना घसा दुखायचा, त्याहून हे जड गेलं. ती सरकत त्याच्या पाठीशी गेली आणि त्याच्या जाकिटाला हात लावला.

“प्रताप,” ती हळू म्हणाली. “डोळे मिटलेलेच ठेवा. चालेल. डावा पाय सोडा. थोडा खाली. अजून. तिथे खिळा आहे. लागला?”

“...लागला.”

“छान. आता उजवा.”

तिला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. पाय टेकला. एक पायरी. मग दुसरी. सात पायऱ्यांना अकरा मिनिटं लागली. पायऱ्यांखाली रुंद कडपट्टी होती. तिथे प्रताप हातापायांवर कोसळला.

मग मीनल उतरली. तिचा पाय बर्फावर पडला आणि निसटला! ओरडायलाही वेळ नव्हता. ती कड्यावर घासत खाली आली, दोर ताठ झाला, वरून विपुलचा “हां!” असा हुंकार आला आणि ती हवेत लटकली, पाठ कड्याकडे, दोन्ही हात छातीपाशी. ऋचाभोवती! तिने तार धरायचा प्रयत्नच केला नव्हता. धम्मदीपाने तिचा पट्टा पकडून तिला आत ओढलं. मीनलच्या कपाळावरून रक्त येत होतं.

“हिला काही झालं?” तिने विचारलं.

“नाही. नळी सुटली होती, लावली.”

“मग चल.”

तार संपली. खाली ढासळत्या खड्यांचा लांब उतार आला, वरून बर्फ पसरलेला. तिथे बाटली संपली. एक बारीक फुसकारा, मग काही नाही. धम्मदीपाने गुडघ्यांवर बसून ऋचाचा मोजा काढला, अंगठ्याला चिमटा लावला. पडद्यावर दोन आडव्या रेघा उमटल्या. अंगठा इतका गार पडला होता की यंत्राला काही लागतच नव्हतं. तिने पुन्हा लावला, चोळून लावला. रेघाच.

“किती?” मीनलने विचारलं.

“आकडा नाही.”

“म्हणजे काय?”

धम्मदीपाने यंत्र खिशात टाकलं. तिने ऋचाच्या गालावर टिचकी मारली. डोळे अर्धवट उघडले, तिच्याकडे वळले, पुन्हा मिटले. “म्हणजे धावायचं!” ती म्हणाली.

धावले! खडे पायाखालून ओढ्यासारखे वाहत होते. टाच रोवायची, घसरायचं, सावरायचं, पुन्हा टाच. विपुल आता पुढे होता, मीनलचा दंड धरून. प्रताप मागे कुठेतरी बसकण मारत, घसटत येत होता. कुणी वळून पाहिलं नाही. विपुलने शिट्टी फुंकली. तीन वेळा. धुकं गप्प. पुन्हा तीन. आणि खालून, अगदी जवळून, उत्तर आलं!

धुक्यातून दोन लाल जाकिटं वर आली. एकाच्या पाठीवर मोठी बाटली होती. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. ऋचाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क बसवला, तिला आईसकट गुंडाळलं आणि दोघींना मध्ये धरून उताराने नेलं. पठारावर रेल्वे थांबवून ठेवलेली होती. डबा बोगद्यात शिरला, खडखडत खाली निघाला. मीनलच्या तळहातांत ऋचाचा पाय ऊब धरत होता. ऐंशी. कान दडपत होते. चौऱ्याऐंशी. बोगदा संपला, पाइनची झाडं आली, ओली हिरवी कुरणं आली, गाई आल्या. एकोणनव्वद. मीनल पहिल्यांदा रडली. विपुल तोंड वळवून खिडकीबाहेर बघत राहिला. त्याच्या दोन्ही तळहातांची सालं दोराने सोलली होती, आणि ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

दरीतल्या रुग्णालयात ऋचा तीन दिवस होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की सर्दीचा विषाणू आणि उंची, दोघांनी मिळून फुप्फुसांत पाणी आणलं. एकेकटं असतं तर कदाचित निभावलं असतं. संध्याकाळपर्यंत वर थांबला असतात, तर निभावलं नसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रताप फुलं घेऊन आला. दाढी केलेली, चेहरा पुन्हा जागेवर बसवलेला. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, “एक रात्र तर झालीच ना वर? म्हणजे टेक्निकली रेकॉर्ड आपलंच. मंडळाच्या अंकात द्यायला हरकत नाही. आणि डॉक्टर, रात्रीचा तो डेटा आहे ना? मी सही करतो. पेपरमध्ये पालकांचं नाव येतं का?”

धम्मदीपाने त्याच्याकडे पाहिलं. एवढ्या निखळ मूर्खपणासमोर संताप येतच नाही, माणूस नुसता बघत राहतो. आणि तरीही, संमतीचा कागद तिच्या बॅगेत होता. साडेतीनपासून सहापर्यंत, मुलाच्या फुप्फुसांत पाणी भरतानाची अखंड रेघ! तिच्या प्राध्यापकांनी ती पाहिली असती तर खुर्चीतून उठले असते. आपल्याला ती अजून हवीशी वाटते, हे तिला त्या क्षणी कळलं, आणि प्रतापपासून आपण किती पावलं लांब उभ्या आहोत, ते तिने मोजलं. फार नव्हती.

“मीनल, सर्दी झालेलं मूल घ्यायचं नाही हा माझाच नियम होता, आणि मी गप्प बसले. मी ती नोंद पुसून टाकते,” ती म्हणाली.

मीनल ऋचाचे केस विंचरत होती. कपाळावर तिच्या चार टाके होते. “पुसू नकोस. दे कागद, मी सही करते. पण सगळं लिही. सर्दी दिसत असून वर नेलं, ते लिही. तुझा नियम होता आणि तू गप्प बसलीस, ते लिही. आवाज कुणी बंद केला, तेही. पुढच्या कुणी शहाण्याने पोर उचलून वर नेण्याआधी हे वाचलं पाहिजे.”

“लिहिलं तर मला कामावरून काढतील.”

“काढू देत.”

“मीनल, हे जरा जास्त होतंय,” प्रताप म्हणाला. “माझी इमेज...”

“तुझं नाव घालणार नाहीत, प्रताप,” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. “तू फक्त ‘वडील’ म्हणून येशील. वडिलांनी काय केलं, तेवढं येईल. अंकात काही दिलंस, तर मी हे तिथेच छापून आणीन.”

तो दारात उभा राहिला, फुलं हातातच. मग ती टेबलावर ठेवून कॉफी आणतो म्हणाला आणि गेला.

धम्मदीपाने तिथेच खुर्चीत बसून पहिलं पान लिहायला घेतलं. स्वतःच्या चुकीच्या जागी ‘आवाज बंद करण्यात आला’ असं तिने आधी लिहिलं. मग ते खोडून ‘मी बंद केला’ असं लिहिलं.

पलंगावर ऋचाने अंगठ्याचा चिमटा ओढून काढला आणि भिरकावला. यंत्र किंचाळायला लागलं. नर्स धावत आली, पोरगी उभी राहिलेली बघून हसली. ऋचाने पलंगाच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरलं, फरशीकडे बोट दाखवलं आणि तिच्या पाळणाघरातल्या भाषेत, सगळ्यांना ऐकू जाईल असं ठणकावून सांगितलं, “रुंटर!”

खाली!

मीनलने कठडा पाडला आणि तिला उचलून जमिनीवर ठेवलं.